हेतू कोण लिहितो?

मी वकील नाही. कोर्टाच्या पायऱ्या चढलो त्या जामीनदार म्हणून, साक्षीदार म्हणून आणि एकदा आरोपीचा मामेभाऊ म्हणून. तरी हा लेख कायद्यावर आहे. माणूस पळवून नेण्याच्या कायद्यावर. वकिलांनी तो कलमं पाठ करून वाचला, आपण तो अंगावर घेऊन वाचलाय. म्हणून आपणही त्यावर लिहायला हवं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात मी आणि माझी आते बाकावर बसलो होतो. तिच्या पोरानं, माझ्या आतेभावानं, गावातल्या वरच्या आळीतल्या मुलीशी लग्न केलं होतं. मुलगी एकोणीस वर्षांची. शाळेचा दाखला आमच्या पिशवीत होता. पोरं मुंबईला होती, नोंदणी झालेली होती. इथं मुलीच्या बापानं फिर्याद दिली होती की फूस लावून, जबरदस्तीनं लग्न लावण्याच्या हेतूनं पळवून नेलं. आते एकसारखी म्हणत होती, "अरे ती स्वतःच्या पायानं आली, साहेब. माझ्या दारात स्वतःच्या पायानं आली." ठाणे अंमलदार तिच्याकडं न बघता लिहीत होते.

त्याच बाकावर आमच्या शेजारी दुसऱ्या वस्तीतली एक बाई होती. तिचाही पोरगा नेला होता. खराखुरा नेला होता. रात्री दोघं मोटारसायकलवर आले, "मालकानं हिशोबाला बोलावलंय" म्हणाले आणि मध्ये बसवून घेऊन गेले. आठ दिवसांपूर्वीच त्याला धमकी मिळाली होती. तिनं हे सगळं सांगितलं. अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि तिची मिसिंग नोंदवली. मिसिंग म्हणजे हरवला. घरातून निघून गेला, परत आला नाही.

टेबल एक, पेन एक, दुपार एक. जी आपल्या पायानं चालत आली तिचं अपहरण झालं आणि ज्याला उचलून नेलं तो निघून गेला! त्या बाईचा पोरगा चौथ्या दिवशी परत आला. दोन बरगड्या मोडलेल्या. काय झालं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. आमच्या केसमध्ये मुलीनं मॅजिस्ट्रेटपुढं जबाब दिला आणि प्रकरण बसलं. पण तोवर आतेच्या घराची कौलं फुटली होती.

त्या दुपारपासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. कायद्यात सगळं वजन हेतूवर आहे. मग तो हेतू कागदावर लिहितो कोण?

आधी कायदा काय म्हणतो ते सरळ बघू. इंग्रजांनी १८६०मध्ये केलेली भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४पर्यंत चालली. तिच्यात माणूस नेण्याचे दोन प्रकार होते. एक, अज्ञान मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेणं, कलम ३६१. दुसरा, कुणालाही बळानं किंवा फसवून एका जागेवरून दुसरीकडं जायला लावणं, कलम ३६२. आता गंमत बघा. या ३६२ला स्वतःची शिक्षाच नव्हती. ती नुसती व्याख्या. ओढून नेलं, पण कशासाठी नेलं, ते ठरलं की मगच गुन्हा ठरायचा. खून करण्यासाठी नेलं तर ३६४, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. गुपचूप डांबून ठेवण्यासाठी नेलं तर ३६५, सात वर्षांपर्यंत. बाईला जबरदस्तीनं लग्न करायला लावण्यासाठी नेलं तर ३६६, दहा वर्षांपर्यंत. जबर दुखापत करण्यासाठी किंवा गुलाम करण्यासाठी नेलं तर ३६७, तेही दहा वर्षांपर्यंत. आजच्या भारतीय न्याय संहितेत आकडे बदलले. खून, खंडणी, डांबणं, गुलामी हे सगळं कलम १४०मध्ये आलं आणि लग्नाचं ८७मध्ये गेलं. सांगाडा तोच राहिला. कृती एकच, हेतू वेगळा, शिक्षा वेगळी.

म्हणजे फिर्याद लिहिणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता आहे. ही सत्ता नवी नाही. ती कुठून आली ते बघायला मागं जावं लागेल.

मनुस्मृतीत माणूसचोरीला शिक्षा आहे का? आहे. आठव्या अध्यायात ३२३वा श्लोक आहे. कुलीन पुरुष, विशेषतः कुलीन स्त्रिया आणि मौल्यवान रत्नं, यांची चोरी करणाऱ्याला देहदंड. माणसं आणि रत्नं एकाच ओळीत, आणि माणसं तेवढी कुलीन. ज्याला कूळ नाही त्याला पळवलं तर? त्याच अध्यायात थोडं पुढं ४१३ आणि ४१४ वाचा. शूद्र विकत घेतलेला असो वा नसो, त्याच्याकडून दास्य करून घ्यावं, कारण ब्रह्मदेवानं त्याला त्याचसाठी केलंय. मालकानं सोडला तरी तो दास्यातून सुटत नाही. जो जन्मापासूनच दास, त्याला गुलाम करण्यासाठी पळवणं हा गुन्हा होईल तरी कसा? अकराव्या अध्यायात शूद्राच्या हत्येचं प्रायश्चित्त बेडूक, कुत्रा, कावळा मारल्याच्या प्रायश्चित्ताबरोबर ठेवलंय. आणि तिसऱ्या अध्यायात राक्षसविवाह आहे. घर फोडून, माणसं मारून, रडणाऱ्या-ओरडणाऱ्या मुलीला ओढून नेणं. आपण ज्याला अपहरण म्हणतो ते तिथं विवाहाच्या आठ प्रकारांपैकी एक आहे आणि क्षत्रियाला ते धर्म्य सांगितलंय.

कोण कुणाला नेतोय यावर गुन्हा की धर्म ते ठरायचं. मनूचा कायदा हेतू विचारत नव्हता, तो कूळ विचारत होता.

हे नुसतं पोथीत राहिलं असं कुणी समजू नये. आपल्याच किनाऱ्याकडं बघा. चौल, रेवदंडा, मुरूड ही बंदरं. या समुद्रानं अरबस्तानातून घोडे आले, तशी आफ्रिकेतून माणसंही आली, विकत घेतलेली. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज तिकडचेच, म्हणून या संस्थानाला हबसाण म्हणत. निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर लहानपणी इथिओपियातून विकला गेला होता आणि एकदा नव्हे, अनेकदा विकला गेला होता. गुलामातून काही जण सरदार झाले, राजे झाले, हा इतिहास पुस्तकात येतो. जे सरदार झाले नाहीत त्यांचा येत नाही.

पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आहेत, बटकी आहेत. कुणबीण म्हणजे दासी. तिची खरेदी-विक्री व्हायची, ती बक्षीस म्हणून दिली जायची. किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत सरकारी कुणबिणी राबत. बदकर्माचा ठपका ठेवून बाईला सरकारी कुणबीण करून टाकत. म्हणजे बाई नेणारं सरकारच, तिला गुन्हेगार ठरवणारंही सरकारच आणि तिचं मालकही सरकारच. मग फिर्याद कुणाकडं द्यायची?

आंग्र्यांचं कुलाबा कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं ते १८४०च्या दशकात. त्याच दशकात, १८४३मध्ये, गुलामगिरीविरुद्धचा पाचवा कायदा आला. छोटासाच कायदा. गुलाम म्हणून कुणावर मालकी सांगणारा हक्क कोर्ट मान्य करणार नाही, असं त्यानं सांगितलं. आणि शेवटी एक वाक्य टाकलं, त्याचा अर्थ असा : स्वतंत्र माणसाविरुद्ध जे केलं तर गुन्हा होतो, ते गुलाम म्हटल्या जाणाऱ्या माणसाविरुद्ध केलं तरी गुन्हाच. मनूचा आठवा अध्याय या एका वाक्यानं कागदावर तरी मोडला. पुढं १८६०च्या दंड संहितेनं 'कुलीन' हा शब्द काढून 'कोणतीही व्यक्ती' हा शब्द आणला. १ जानेवारी १८६२पासून ती लागू झाली. जंजिरा मात्र १९४८पर्यंत वेगळं संस्थान राहिलं.

म्हणून इंग्रजांच्या आरत्या ओवाळायच्या का? अजिबात नाही. याच इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि नंतर तो सगळ्या देशात पसरवला. अख्ख्या जमातीचा हेतू तिच्या जन्माबरोबरच लिहून टाकला! पोर पाळण्यात असतानाच चोर. पारध्याच्या, कैकाड्याच्या पोटी जन्मला एवढाच पुरावा. १९५२मध्ये तो कायदा रद्द झाला. ठाण्यातल्या डोक्यातून तो गेला का, हे कुठल्याही पालावर जाऊन विचारा.

आता आपल्या महाडला येऊ. दोस्तांनो, चवदार तळ्याची हकीकत तुम्हाला पाठ आहे. पण ती एकदा हेतूच्या बाजूनं वाचा. २० मार्च १९२७. बाबासाहेबांबरोबर माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि मंडपात परतली. हेतू काय होता? पाणी. आणि सगळ्यांसाठी असलेल्या पाण्यावर आपलाही हक्क आहे हे दाखवणं. दोन तासांत गावात आवई उठली की महार आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. पण आमचा हेतू आम्हाला न विचारता सनातन्यांनी लिहून टाकला आणि त्यांनी लिहिलेल्या हेतूबद्दल आमच्या माणसांची डोकी फोडली. जेवणाऱ्यांना, घरी परत जाणाऱ्यांना, एकट्या-दुकट्याला गाठून मारलं.

मंडपात आणि बंगल्यात आपली लष्करात राहून आलेली माणसं होती. बाबासाहेबांचा शब्द सुटला असता तर महाडात वेगळंच घडलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि प्रकरण कोर्टात नेलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिने सक्तमजुरी झाली. शिक्षा केवढी, हा मुद्दा नाही. वीरेश्वराची आवई खोटी आणि हल्ला खरा, हे कागदावर आलं, हा मुद्दा आहे. आपल्या बाजूचा हेतू आपण स्वतः लिहून घेण्याची ही सुरुवात होती.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा आले. मुंबईहून बोटीनं दासगाव बंदरात उतरले आणि तिथून मंडळी महाडपर्यंत चालत गेली. परिषदेला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं. तळ्याला दिवाणी कोर्टाची मनाई होती. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. जातीनं ब्राह्मण माणूस, हे आपण विसरू नये. त्या होळीत जे पुस्तक जळलं त्यात वर सांगितलेला ३२३वा श्लोकही होता. कुलीनालाच माणूस धरणारा श्लोक याच रायगड जिल्ह्याच्या मातीत जाळला गेला. तळ्याचा दावा पुढं दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो.

पुस्तक जळलं. फिर्याद लिहिणारं पेन काही जळलं नाही. आजची दोन प्रकरणं बघा. दोन्ही एकाच जिल्ह्यातली, तेव्हाच्या अहमदनगरची.

१ जानेवारी २०१३, नेवासा तालुक्यातलं सोनई. मेहतर समाजातली तीन तरुण पोरं. त्यांतल्या एकाचं वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम. संडासाची टाकी साफ करायची आहे म्हणून तिघांना वस्तीवर बोलावलं आणि मारलं. कुणी हाताला धरून ओढलं नव्हतं. जातीनं लादलेल्या कामाचंच आमिष लावलं. म्हणूनच 'फसवून' हा व्याख्येतला शब्द आपल्याला महत्त्वाचा. त्या कामाला नाही म्हणायची सोय ज्याला नाही, त्याला न्यायला बळ लागत नाही. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नव्हता. तरी परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जोडली गेली, खटला नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना दोषी धरून फाशी सुनावली. फाशी हवी की नको हा वेगळा वाद. हेतू सिद्ध करता येतो, एवढं सोनईनं दाखवलं.

२८ एप्रिल २०१४, जामखेड तालुक्यातलं खर्डा. सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला, या रागातून. शाळेतून, दिवसाउजेडी नेला, मारला, झाडाला लटकवला. इथं पाहणारे होते. नोव्हेंबर २०१७मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार उलटले. पाहणारा नसताना शिक्षा झाली आणि पाहणारे असताना सुटका झाली. मित्रांनो, याचा अर्थ नीट लावा. साक्षीदार कोर्टात उलटतो, पण त्याला उलटवलं जातं गावात. तेव्हा आपण गावात होतो का? मोर्चा झाला, घोषणा झाल्या, पुढारी फोटो काढून गेले. साडेतीन वर्षं त्या साक्षीदारांच्या दारात कोण बसलं?

दुसऱ्या बाजूचा कागद मात्र झटपट तयार होतो. पोरगा आपला आणि पोरगी त्यांची असली की अपहरण. सुप्रीम कोर्टानं १९६४मध्येच, मद्रासच्या वरदराजन खटल्यात, सांगून ठेवलंय की मुलीला 'नेणं' वेगळं आणि मुलगी स्वतः निघून आल्यावर तिला बरोबर राहू देणं वेगळं. ती मुलगी तर अठरालाही थोडी कमीच होती. २००६मध्ये लता सिंह यांच्या खटल्यात, जाणत्या बाईनं दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून भावांनी नवऱ्याच्या नातेवाइकांना तुरुंगात घालवलं होतं. सुप्रीम कोर्टानं ते सगळं प्रकरण रद्द केलं आणि अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावं असं देशभर बजावलं. तरी आमच्या आतेला त्या बाकावर बसावं लागलंच. 'कायदेशीर पालकाच्या ताब्यातून' या शब्दांत बापाची मालकी लपून बसलेली आहे. राक्षसविवाहात मुलगी वस्तू होती. इथंही तिला कुणी विचारत नाही, बापाला विचारतात.

आणि आता आपल्याच घरात बघू. राग आला तरी चालेल. आपल्या वस्तीतली मुलगी कातकऱ्याच्या पोराबरोबर गेली तेव्हा आपल्याच माणसांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. निळा झेंडा लावलेल्या घरातून माणसं उठली आणि त्याच ठाण्यात जाऊन तसलीच फिर्याद लिहून आली. फूस लावून पळवली! त्या कातकऱ्याचा बाप हात जोडून उभा होता, माझी आते उभी होती तसा. त्या दिवशी पेन आपल्या हातात होतं आणि आपणही कूळच विचारलं. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या नातवंडांनी हे करावं? त्याच कातकऱ्यांची कुटुंबं उचल देऊन भट्टीवर नेतात आणि उचल फिटेपर्यंत परत येऊ देत नाहीत. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६चा आहे. त्यांची फिर्याद लिहून घ्यायला आपण किती वेळा ठाण्यात गेलो?

म्हणून शेवटी कामाचं बोलतो. हे वहीत उतरवून घ्या.

माणूस नेला की फिर्याद लिहून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सुप्रीम कोर्टाचा २०१३चा ललिता कुमारी निकाल तेच सांगतो आणि तो खटला उभा राहिला तोच मुळी एका अल्पवयीन मुलीला पळवल्याची फिर्याद पोलीस नोंदवत नव्हते म्हणून. मिसिंगवर समाधान मानू नका. ठाण्यात घेत नसतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं जा.

फिर्यादीत हेतू आपण लिहायचा. तो हवेतून येत नाही. आधीची धमकी, आधीचं भांडण, कोण आले, कोणत्या गाडीवर आले, काय म्हणाले, शेवटचं कुणी कुठं पाहिलं, हे सगळं पहिल्याच कागदात आलं पाहिजे. 'निघून गेला' हा शब्द दिसला की सही करू नका. कोर्टात हेच कामाला येतं. बंगालच्या मीर मोहम्मद उमर खटल्यात, २००० साली, सुप्रीम कोर्ट म्हणालं की ज्यांनी माणूस ओढून नेला आणि थोड्याच वेळात त्याचं प्रेत मिळालं, त्यांनी मध्ये काय झालं ते सांगावं. नाही सांगितलं तर खून त्यांनीच केला असं कोर्ट धरू शकतं. पण त्यासाठी 'नेला' हे आधी लिहिलेलं पाहिजे.

नेणारा आपली जात ओळखून असेल तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावायला सांगा. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असला तर त्यात जन्मठेप आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर साक्षीदाराचं संरक्षण, त्याचा प्रवासखर्च हे सगळं हक्कानं मागता येतं. पण खरं संरक्षण म्हणजे त्याच्या ओट्यावर आपण बसणं.

आणि कुणाची मुलगी, आपली असो वा त्यांची, स्वतःच्या पायानं गेली असेल आणि जाणती असेल, तर तिला विचारा. मॅजिस्ट्रेटपुढं तिचा जबाब होऊ द्या. तिचा हेतू तीच सांगेल.

आते आता नाही. तिची सून, तीच मुलगी, वस्तीतल्या बायकांचे अर्ज लिहून देते. परवा तिच्याकडं एक म्हातारी आली होती, पोरगा तीन दिवस भट्टीवरून आला नाही म्हणून. सुनेनं पहिला प्रश्न विचारला, "आजी, तो गेला का त्याला नेला?" म्हातारी म्हणाली, "नेला." तिनं तसंच लिहिलं.

जयभीम.